खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर : कसे जावे, केव्हा जावे आणि कसे पाहावे

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी खिद्रापूर नावाचे एक छोटे गाव आहे आणि त्या गावात शिलाहारांच्या काळातले कोपेश्वराचे मंदिर आहे. नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला आलेली बहुतेक मंडळी ‘वेळ उरला तर जाऊ’ या हिशेबाने येथे येतात, अर्ध्या तासात देवदर्शन आणि चार छायाचित्रे उरकतात आणि परत फिरतात. हे मंदिर तसे पाहता येत नाही. ते पाहण्यासाठी किमान तीन तास हाताशी हवेत आणि त्या तीन तासांत सूर्य कोठे असेल याचा अंदाज आधी बांधलेला हवा. पुढील सूचना या एका गोष्टीभोवतीच फिरतात.

आधी वाटेविषयी. कोल्हापूरहून खिद्रापूर सुमारे ६० किलोमीटर पडते. रेल्वेने येणाऱ्यांनी मिरज किंवा जयसिंगपूर येथे उतरावे. मिरज हे मोठे जंक्शन असल्याने पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांना तेच सोयीचे. तेथून शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड असा टप्प्याटप्प्याने प्रवास होतो. कुरुंदवाडला एस.टी.चे आगार आहे आणि खिद्रापूरकडे जाण्यासाठी तेथेच चौकशी करावी; मात्र या शेवटच्या टप्प्यावर गाड्या मोजक्याच असतात, म्हणून जाण्याच्या गाडीपेक्षा परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्यावी. स्वतःचे वाहन असेल तर उत्तम, नसेल तर नृसिंहवाडी (बोलण्यात नुसती ‘वाडी’) किंवा कुरुंदवाडहून रिक्षा जाऊन-येऊन ठरवावी आणि ठरवतानाच ‘तीन तास थांबावे लागेल’ हे स्पष्ट सांगावे. हे न सांगितल्यामुळे एका खेपेला माझे अर्धे लक्ष शिल्पांवर आणि अर्धे बाहेर वाजणाऱ्या हॉर्नवर राहिले होते.

हा सारा उसाचा मुलूख आहे. गळीत हंगाम सुरू झाला की अरुंद रस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर सावकाश जात असतात. त्यांना ओलांडण्याची घाई करू नये, आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नाही, कारण पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. हंगामात जाणार असाल तर नकाशावर दाखवलेल्या वेळेत अर्ध्या तासाची भर धरावी.

कोणत्या महिन्यात जावे याचे उत्तर नदी देते. जुलै ते सप्टेंबर या काळात कृष्णा आणि पंचगंगा या दोन्ही नद्यांना पूर येऊ शकतो आणि हा पट्टा दोहोंच्या तडाख्यात सापडतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर येथील माणसे अजून वर्षांच्या आकड्यांनीच ओळखतात. पावसाळ्यात निघायचेच असेल तर एक सोपी खूण लक्षात ठेवावी. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचे पाणी शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडू लागले की ‘दक्षिणद्वार सोहळा’ झाल्याची बातमी सगळीकडे पोहोचते. भाविकांना ती पर्वणी असते. खिद्रापूरला निघालेल्या माणसाने मात्र ती बातमी ऐकताच बेत पुढे ढकलावा, कारण वाडीला पाणी चढले की पुढच्या सखल रस्त्यांचा भरवसा राहत नाही. राजापूर बंधाऱ्याची पातळीही वर्तमानपत्रांत येत असते आणि तो बंधारा खिद्रापूरच्या जवळच आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी असते. ज्यांना उत्सव पाहायचा आहे त्यांनी तेव्हा जावे, ज्यांना मंदिर पाहायचे आहे त्यांनी आडवार निवडावा.

निघताना सोबत काय घ्यावे याची यादी लांब नाही. पिण्याचे पाणी, डोक्यावर टोपी किंवा उपरणे, एक लहान विजेरी आणि असल्यास दुर्बीण. विजेरी आतील मंडपासाठी, दुर्बीण छताच्या कोरीव कामासाठी. याशिवाय जाड सुती मोजे घ्यावेत, कारण पादत्राणे बाहेर काढून तापलेल्या दगडावरून फिरावे लागते आणि दुपारी बारानंतर अनवाणी पायांनी मंदिराची बाहेरची बाजू निवांतपणे पाहणे अशक्य होते. जेवणाची सोय वाडी किंवा कुरुंदवाडलाच धरावी; खिद्रापूरात चहा-फराळ मिळेलच असे गृहीत धरू नये.

पोहोचण्याची उत्तम वेळ सकाळी साडेनऊ-दहा. तेथे गेल्यावर सरळ गाभाऱ्याकडे धाव न घेता प्रथम स्वर्गमंडपाच्या बाहेर थोडा वेळ उभे राहून मंदिराची मांडणी समजून घ्यावी. मंदिर पूर्वाभिमुख आहे. सर्वांत पुढे खुला स्वर्गमंडप, त्यामागे बंदिस्त सभामंडप, मग अंतराळ, म्हणजे गाभाऱ्यापुढची लहान जागा, आणि शेवटी गाभारा, असे चार भाग एका ओळीत आहेत. शिवमंदिरात सवयीने आपली नजर नंदीला शोधते. तो येथे नाही. कथा अशी सांगतात की दक्षाच्या यज्ञाला सती निघाली तेव्हा नंदी तिच्यासोबत गेला, सतीच्या देहत्यागाने शंकर कोपले आणि त्यांचा कोप शांत करण्यासाठी विष्णूंना यावे लागले. म्हणून देव कोपेश्वर, आणि गाभाऱ्यात त्याच्यासमवेत विष्णुरूप धोपेश्वर. नंदी आजही कर्नाटकातील यडूरला आहे, असे येथले लोक सांगतात.

इतिहासाचा धागा हाती असला की पाहण्याला अर्थ येतो, म्हणून थोडक्यात तो सांगतो. मंदिराचे मुख्य बांधकाम बाराव्या शतकातले, कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातले. इ. स. १२१२च्या सुमारास देवगिरीच्या यादव सिंघणाने शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव केला आणि हा प्रदेश यादवांकडे गेला. मंदिराच्या दक्षिण बाजूच्या दाराजवळ सिंघणाचा इ. स. १२१३चा संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात कोपेश्वराला गाव दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे राज्य जिंकल्यानंतर वर्षभरातच नव्या राजाने जुन्या राजाच्या देवाला दान दिले. हा लेख देवनागरीत आहे. मंदिरातील इतर बहुतेक लेख कन्नडमध्ये आहेत. सीमाभागातील भाषेच्या वादावर तावातावाने बोलणाऱ्यांनी हे दगड एकदा शांतपणे पाहावेत, असे मला दर खेपेला वाटते. लेख वाचता आला नाही तरी हरकत नाही. विजेरी समोरून न धरता बाजूने तिरपी धरली तर अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. खडू, पीठ किंवा पाणी लावून अक्षरे उठवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. हे संरक्षित स्मारक आहे.

आता बाहेरची फेरी. शिवाच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचे पाणी जेथून बाहेर पडते त्या गोमुखाची रेषा, म्हणजे सोमसूत्र, ओलांडायचे नसते. पूर्वाभिमुख मंदिरात गोमुख बहुधा उत्तरेस असते. त्यामुळे पूर्वेकडून निघून दक्षिण, मग पश्चिम आणि मग उत्तरेकडील गोमुखापर्यंत जावे आणि आल्या वाटेने परतावे. त्यानंतर पूर्वेकडून उलट्या बाजूने पुन्हा गोमुखापर्यंत यावे. हा नियम पाळल्याने अभ्यासकाचे नुकसान तर होत नाहीच, उलट प्रत्येक भिंत दोन वेळा आणि दोन दिशांनी नजरेखालून जाते. जाताना न दिसलेले शिल्प परतताना दिसते, हा अनुभव हमखास येतो.

फेरी मारताना नजर खालून वर न्यावी. अगदी तळाशी पीठाचे, म्हणजे जोत्याचे, थर आहेत आणि त्यावर हत्तींची रांग, म्हणजे गजपट्ट, असून पाठीवर देवदेवता घेतलेल्या त्या हत्तींनी सारे मंदिर तोलून धरल्यासारखे वाटते. यातील बऱ्याच हत्तींच्या सोंडा आणि वरच्या मूर्तींचे चेहरे फुटलेले आहेत. तोडफोड कोणी व केव्हा केली याच्या कथा तुम्हाला तेथे ऐकायला मिळतील. त्या ऐकाव्यात, पण त्यातच वेळ घालवू नये, कारण जे शिल्लक आहे तेच एका दिवसात पाहून संपत नाही. हत्तींकडे एकसारखी रांग म्हणून न पाहता एकेका हत्तीची झूल, घंटा आणि दागिने पाहावेत. एका हत्तीसारखा दुसरा नाही.

त्यावरच्या भिंती सरळ नाहीत. त्या कोनाकोनांनी आत-बाहेर होत जातात आणि त्यामुळे गाभाऱ्याचा बाह्याकार ताऱ्यासारखा होतो. या रचनेचा खरा फायदा उन्हात कळतो: प्रत्येक कोनावर प्रकाश निराळ्या वेळी येतो आणि एकच भिंत तासाभरात दुसरीच दिसू लागते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जात असल्याने दक्षिण भिंतीवर दिवसभर ऊन असते, तर उत्तर भिंत जवळजवळ पूर्ण वेळ सावलीत राहते. छायाचित्रे काढणाऱ्यांनी म्हणूनच दक्षिण बाजू सकाळी दहाच्या आत घ्यावी, तेव्हा ऊन तिरपे असते व कोरीव कामाला खोली येते. माथ्यावरच्या उन्हात शिल्पे चपटी पडतात. उत्तर बाजूला घाई नाही, तेथील मंद प्रकाश दिवसभर सारखाच असतो. भिंतीवर देवदेवतांबरोबर सुरसुंदरी आहेत, वादक आहेत आणि पंचतंत्रातील गोष्टीही कोरलेल्या आहेत. मुले सोबत असतील तर त्यांना मगर-माकड आणि हंस-कासव शोधण्याचे काम द्यावे. मोठ्यांच्या आधी त्यांनाच सापडतात.

दर्शनासाठी आत शिरताना दगडी उंबरठे उंच आहेत आणि बाहेरच्या उन्हातून आल्यावर आत क्षणभर काहीच दिसत नाही, म्हणून वृद्ध माणसांचा हात धरावा. सभामंडपात पाच मिनिटे शांत बसावे. डोळे सरावले की खांब दिसू लागतात: चौकोन, अष्टकोन, वर्तुळ असे आकार बदलत वर जाणारे आणि काही ठिकाणी कातावर फिरवल्यासारखे गुळगुळीत. गाभाऱ्यात पूजा चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबावे, अभिषेक करायचा असल्यास पुजाऱ्यांना विचारावे, आणि गाभाऱ्याचे छायाचित्र न विचारता काढू नये. बेल, फुले व पाणी देवाला वाहावे. खांबांवरील आणि भिंतींवरील मूर्तींना हळदकुंकू, तेल किंवा शेंदूर लावू नये. तेलाने दगडावर धूळ धरते व कोरीव काम बुजते, हे भक्तीच्या आड येणारे सांगणे नव्हे.

आणि मग, साडेअकराच्या सुमारास, स्वर्गमंडपात यावे. मी जाणूनबुजून हा भाग शेवटी ठेवतो. या मंडपाला ४८ खांब आहेत आणि मध्यभागी छतच नाही. बारा खांबांच्या वर्तुळावर सुमारे १३ फूट व्यासाचे गोल खुले आकाश आहे आणि त्याच्या बरोबर खाली, तेवढ्याच आकाराची, एकसंध दगडाची गोल रंगशिला जमिनीत बसवलेली आहे. हे छिद्र यज्ञाचा धूर जाण्यासाठी ठेवले असे परंपरेने सांगतात. मला स्वतःला वर आकाश आणि खाली शिळा यांच्या मापातला मेळ पाहता हेतू केवळ धुराचा नसावा असे वाटते, पण हे माझे मत झाले.

येथे काय करावे? प्रथम रंगशिलेच्या कडेला उभे राहून वर पाहावे. छताच्या आतील कडेवर देवता आपापल्या वाहनांसह बसलेल्या आहेत. हत्तीवरचा इंद्र, रेड्यावरचा यम, मोरावरचा कार्तिकेय, असे वाहनांवरून एकेकाला ओळखत जावे. दुर्बीण येथेच कामी येते. मान अवघडली तर मोबाइलचा समोरचा कॅमेरा चालू करून तो शिळेवर आडवा ठेवावा आणि त्यात पाहावे. त्यानंतर एखाद्या बाहेरच्या खांबाला टेकून बसावे आणि जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या गोलाकडे लक्ष द्यावे. सकाळी तो गोल पश्चिमेकडे असतो आणि दुपार पुढे सरकते तसा पूर्वेकडे जातो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने हा गोल रंगशिलेच्या उत्तरेकडून जातो आणि तिच्याशी तंतोतंत जुळत नाही. हे पाहून अनेकांचा विरस होतो. मात्र मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्या दिवशी, सूर्य या अक्षांशावर बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या आसपास उन्हाचा गोल व रंगशिला एकमेकांवर बसतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही सूर्य तेथेच येतो, परंतु तेव्हा आकाशात ढग आणि नदीत पाणी, दोन्ही भरलेले असते. मे महिन्यातील उन्हाचा ताप सोसण्याची तयारी असलेल्यांनी हा योग एकदा तरी साधावा.

ज्यांना तो ताप नको, त्यांच्यासाठी कार्तिकातली त्रिपुरारी पौर्णिमा आहे. हिवाळ्यात सूर्य जितका दक्षिणेकडे कलतो तितका पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडून जातो. त्यामुळे कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या पुढेमागे चंद्र खिद्रापूरच्या जवळजवळ माथ्यावर येतो आणि त्याचे चांदणे स्वर्गमंडपाच्या छिद्रातून थेट रंगशिलेवर उतरते. त्या रात्री मंदिरात पणत्या लावतात आणि दूरदूरचे लोक येतात. दरवर्षी चंद्र अगदी मध्यावर येईलच असे नाही, कारण त्याची कक्षा पाचेक अंशांनी कललेली आहे. एखाद्या वर्षी प्रकाश थोडा बाजूला पडतो. जाणार असाल तर संध्याकाळी उजेडातच पोहोचावे, वाहन गावाबाहेर परतीच्या दिशेने तोंड करून लावावे, गरम कपडे घ्यावेत, आणि त्या रात्रीच मंदिर पहिल्यांदा पाहू नये. गर्दीत शिल्पे दिसत नाहीत. आधी एकदा दिवसा येऊन गेलेल्या माणसालाच ती रात्र खरी लाभते.

मंदिरातून बाहेर पडल्यावर दोन ठिकाणे पायी जाण्यासारखी आहेत. गावातच आदिनाथांची जुनी जैन बस्ती आहे. ती लहान आहे, पण कोपेश्वर पाहून लगेच गेल्यास दोन्हीकडची कारागिरी ताडून पाहता येते. दुसरे ठिकाण अर्थातच नदी. काठावर बसावे, पाय धुवावेत, पण पोहायला उतरू नये. सांगलीपासून शिरोळपर्यंतच्या या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, आणि काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी पाय आत जातो. कोणत्या जागी पाणी घ्यायला उतरावे हे गावकऱ्यांना विचारावे.

परतीच्या वाटेवर कुरुंदवाडच्या घाटावर संताजी घोरपडे यांची समाधी दाखवतात, तेथे थांबता येते. जेवण वाडीला करावे; कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत मिळाले तर दुसरे काही मागवू नये. घरी नेण्यासाठी वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी प्रसिद्ध आहे, त्यांपैकी बासुंदी उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला टिकत नाही.

ज्यांना नंदीचेही दर्शन घ्यायचे आहे त्यांनी त्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवावा. यडूर बेळगाव जिल्ह्यात आहे आणि तेथील वीरभद्राचे मंदिर मोठे जागृत स्थान मानले जाते. नकाशावर ते खिद्रापूरपासून फार लांब दिसत नाही, पण रस्त्याने वळसा पडू शकतो. निघण्यापूर्वी कोणता रस्ता चालू आहे हे खिद्रापुरातच विचारून घ्यावे, आणि दुपारी तीनच्या पुढे निघणे होत असेल तर तो बेत दुसऱ्या दिवसावर ठेवावा.